कुस्कोच्या दक्षिण खोऱ्यात एक दिवस: तिपोनच्या पाटापासून आंदावायलियासच्या चर्चपर्यंत

पेरूला जाणारा प्रत्येक जण माचू पिचूला जातोच. तिथलं तिकीट, रेल्वे, बस सगळं ठरलेलं असतं, त्यासाठी माझी गरज नाही. मी लिहिते आहे ते त्याच कुस्को शहराच्या आग्नेयेकडच्या खोऱ्याबद्दल. स्थानिक लोक त्याला 'वाये सूर', म्हणजे दक्षिण खोरं म्हणतात. तिपोनचे पाट, पिकियाक्ताचं ओसाड शहर आणि आंदावायलियासचं चर्च, असा एका दिवसाचा फेरा आहे. सकाळी आमच्याबरोबर अजिंक्यतारा चढणाऱ्या मंडळींपैकी दोन कुटुंबं पुढच्या वर्षी निघाली आहेत. किल्ल्याच्या वाटेवर तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून हे नीट लिहून काढलं.

माझे वडील कृष्णा कालव्यावर पाटकरी होते. कुणाची पाळी कधी, कुणी चोरून दारं फोडलं, कुठे चारी फुटली, हे आमच्या घरातलं रोजचं बोलणं. पुढे मी साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवला, पण वाहतं पाणी दिसलं की ते येतंय कुठून आणि जातंय कुठे, हे बघितल्याशिवाय माझा पाय निघत नाही. त्यामुळे या दिवसात मी तिपोनला झुकतं माप दिलं आहे. तुम्हाला चर्चमधल्या चित्रांची आवड असेल तर वेळ उलटा वाटून घ्या. पण तिपोन आणि चर्च या दोन जागांना मिळून चार-साडेचार तास तरी द्याच.

आधी व्हिसा. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा, किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल तर भारतीयांना पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. आम्ही मुलीकडे अमेरिकेत होतो, तिथूनच गेलो. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीकडून खात्री करून घ्या. जायचं मे ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा तिकडे हिवाळा असतो, पण पाऊस नसतो. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत हे बरोबर बसतं.

आता उंचीचं सांगते, आणि हे कृपा करून मनावर घ्या. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटरवर आहे. आपला अजिंक्यतारा हजाराच्या आसपास, कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली तरी कुस्को वरच राहतं. लिमा समुद्राकाठी. तिथून सव्वा-दीड तासात विमान तुम्हाला थेट त्या विरळ हवेत नेऊन सोडतं. ह्यांना वाटलं, रोज किल्ला चढणारी माणसं आपण, आपल्याला काय होणार! पहिल्याच संध्याकाळी सान ब्लासच्या चढाच्या गल्ल्यांमधून आम्ही फिरलो आणि रात्री ह्यांचं डोकं असं धरलं की पहाटेपर्यंत उलट्या. पुढचा सगळा दिवस अंथरुणात गेला. दम चांगला असणं वेगळं आणि उंची मानवणं वेगळं. चांगल्या पळणाऱ्या तरुणांनाही त्रास होतो आणि एखाद्या आजीला काहीच होत नाही.

म्हणून विमानतळावरून शक्य तर थेट उरुबांबा खोऱ्यात, म्हणजे तिकडच्या 'पवित्र खोऱ्यात' उतरा. ओयांतायतांबो २८०० मीटरच्या जवळपास आहे, पहिल्या दोन रात्री तिथे काढा. कुस्कोतच राहणार असाल तर पहिले दोन दिवस फक्त सपाटीवर, सावकाश चाला. पाणी भरपूर प्या, रात्रीचं जेवण हलकं ठेवा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी साताऱ्यातच आपल्या डॉक्टरांशी बोला. उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, त्याने जरा हुशारी येते. पण ती पानं परतीच्या बॅगेत ठेवू नका. पेरूत ती चालतात, इतर बहुतेक देशांत तो गुन्हा आहे.

दक्षिण खोऱ्याचा फेरा चौथ्या दिवसाआधी ठेवू नका.

आता वाटाड्या. आदल्या दिवशी आम्ही पवित्र खोऱ्याच्या सहलीला मोठ्या बसने गेलो होतो. तीसेक माणसं, हातात झेंडा धरलेला गाईड, प्रत्येक ठिकाणी घड्याळाकडे डोळे. एका ठिकाणी पाण्याच्या कुंडाशी मी वाकून बघत होते, तेवढ्यात खालून बसचा हॉर्न वाजायला लागला. त्या रात्री मुलीला म्हटलं, "उद्याचं मात्र माझ्या मनासारखं होऊ दे. दोन साड्या कमी घेईन." तिने हॉटेलवाल्यांमार्फत दिवसभरासाठी एक गाडी आणि एक गाईड ठरवून दिला. चार जणांत तो खर्च वाटला गेला तेव्हा फारसा जड वाटला नाही.

दक्षिण खोऱ्याच्या सामायिक सहली बहुतेक अर्ध्या दिवसाच्या असतात. तीन ठिकाणं पाच-सहा तासांत, त्यातच जाणं-येणं. त्यापेक्षा स्वतःची गाडी करा आणि ठरवताना हे विचारून घ्या: गाडी संध्याकाळी पाचपर्यंत आपलीच राहील ना? गाईड आत प्रत्येक ठिकाणी सोबत येणार की फाटकाशी थांबणार? वाटेत कुठल्या दुकानात नेऊन बसवणार का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घोळात आलं तर दुसरा माणूस बघा. पेरूत गाईडला अधिकृत ओळखपत्र असतं, ते बघायला मागितलं तर कुणी रागावत नाही. आणि आदल्या रात्रीच त्याला कळवा की तुम्हाला काय बघायचं आहे. आम्ही कळवलं होतं, 'आई शेतीच्या पाण्याच्या घरातली आहे, तिला तिपोनचा उगम बघायचाय.' सकाळी तो आला तेव्हा त्याच्या वहीत पाटांचा हाताने काढलेला नकाशा होता. त्याची घरची भाषा क्वेचुआ, इंग्रजी शिकून मिळवलेली. त्यामुळे तो सावकाश आणि सोपं बोलायचा, आम्हालाही ते बरं पडलं.

तिकिटाची गोम अशी की तिपोन आणि पिकियाक्ता यांचं तिकीट फाटकावर सुटं मागून उपयोग नाही. 'बोलेतो तुरिस्तिको' नावाचं सामायिक तिकीट घ्यावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या १६ ठिकाणांचं, दहा दिवस चालणारं तिकीट १३० सोलला (सोल हे पेरूचं चलन) होतं, आणि शहरातली काही संग्रहालयं धरून फक्त या बाजूचं, दोन दिवसांचं ७० सोलला. पवित्र खोरंही बघणार असाल तर मोठंच घ्या. एका ठिकाणी एकदाच शिक्का मारतात, म्हणून घाईने उरकू नका, परत त्याच तिकिटावर जाता येत नाही. चर्चचं तिकीट यात येत नाही, ते दारात वेगळं. जवळ रोख सोल ठेवा, थोडी नाणी स्वच्छतागृहासाठी. टोपी, उन्हाचं मलम, आणि थंडीतून उन्हात येताना उतरवता येतील असे कपडे. ऊन चटका देतं आणि ढग आला की लगेच स्वेटर लागतो.

सकाळी साडेसातला निघा. तिपोन कुस्कोपासून साधारण २५ किलोमीटर. हमरस्त्यावरच्या गावातून गाडी वळणावळणाने डोंगरात चढते. आधी या चढाला लागायचं कारण एवढंच की सकाळी पायात बळ असतं, ऊनही कोवळं असतं.

वर पोचल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या बारा-तेरा रुंद पायऱ्या, म्हणजे शेताच्या मजगी. प्रत्येक मजगीला घडीव दगडाची ताल, म्हणजे बांधाची भिंत. स्पॅनिश लोकांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या इंकांच्या काळात, म्हणजे ढोबळ मानाने १५व्या शतकात हे उभं राहिलं. जावळीच्या डोंगरात भाताची खाचरं बघितलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही, पण तिथली ताल दगडावर दगड अशी बसवली आहे की मधे सुरीचं पातं जाऊ नये. बहुतेक लोक खालच्या मजगीवर उभं राहून फोटो काढतात आणि फिरतात. तुम्ही तसं करू नका. कडेच्या वाटेने थेट वर, पाणी निघतं तिथे जा. हळूहळू गेलं तर अर्धा तास लागतो. दर पन्नास पावलांवर थांबा.

वर डोंगराच्या पोटातून झरा येतो. ते पाणी दगडी पाटातून निघतं, दुभाजकाने वाटलं जातं आणि शेजारी शेजारी सारख्या धारांनी कुंडात पडतं. मी तिथे किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. धारा सारख्या म्हणजे खरोखर सारख्या. पाटकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला विचारा, एका पाटाचं पाणी समसमान वाटणं काय असतं ते. त्यावरून आमच्याकडे भाऊबंदकीत डोकी फुटली आहेत. इथे दगड घडवणाऱ्याने ते भांडण दगडातच मिटवून ठेवलंय, आणि पाच-साडेपाचशे वर्षांनी पाणी अजून तसंच वाटलं जातंय.

आता खाली उतरताना पाण्याबरोबर उतरा. हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. पाटात निलगिरीचं एक वाळकं पान तरंगत आलं होतं, मी त्याच्या बरोबरीने चालायला लागले. माझे वडील कालव्यात काडी टाकून पावलं मोजायचे, पाण्याची चाल बघायला. ते पान ना अडकलं, ना पळालं. माझ्या सावकाश चालीने मजगीच्या काठापर्यंत आलं आणि तालीत कोरलेल्या एका उभ्या खाचेतून खाली गेलं. ही खाच जवळ जाऊन बघा. पाणी तालीवरून नुसतं सोडलं असतं तर त्याने पाया उकरला असता. इथे ते खाचेतल्या खाचेत सरळ खालच्या पाटात उतरतं. धार दगडाला चिकटून जाते, शिंतोडा बाहेर येत नाही. हात न लावता, वाकून, कडेने बघायचं. त्याच तालींमधून मधे मधे लांब दगड बाहेर काढलेले दिसतील, तिरप्या रांगेत. त्या पायऱ्या आहेत. वरच्या मजगीवरून खालच्या मजगीवर जायला इतकी कमी जागा खाणारी पायरी मी दुसरीकडे बघितली नाही. त्यांच्यावर चढू नका, बघा फक्त.

उतरताना मी गाईडला फोनमधला लिंबच्या बारामोटेच्या विहिरीचा फोटो दाखवला. साताऱ्याजवळ आमच्याकडे अशी विहीर आहे, शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली, एकाच वेळी बारा मोटा चालायच्या, असं सांगितलं. मोट म्हणजे काय हे समजावायला मुलीला बराच वेळ लागला. मग त्याने विचारलं, "बैल मागे कसे यायचे?" धावेच्या उताराचं त्याला इतकं कौतुक वाटलं की त्याने वहीत तेही काढून घेतलं. तुमच्या गावची एक-दोन अशी चित्रं फोनमध्ये घेऊन जा. गाईड रोज सांगून सांगून पाठ झालेलं बोलतो. त्याला काहीतरी विचारण्यासारखं मिळालं की तो वेगळा माणूस होतो. क्वेचुआत पाण्याला 'उनू' म्हणतात आणि आभार मानायचे तर 'सुल्पायकी'. हे दोन शब्द मी दिवसभर वापरले.

तिपोन गाव भाजलेल्या 'कुय'साठी, म्हणजे गिनीपिगसाठी प्रसिद्ध आहे. रस्त्यावरच दिसतं, मुलांना आधी सांगून ठेवा. शाकाहारी असाल तर 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो' हे वाक्य पाठच करा: मटण नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर सूपमध्ये हाडाचं पाणी येऊ शकतं. मोठ्या दाण्यांचा उकडलेला मका आणि चीजचा तुकडा, 'चोक्लो कोन केसो', पोटभर होतं. पुढचं ओरोपेसा गाव पावासाठी नावाजलेलं आहे. भाकरीपेक्षा मोठे, गोल, किंचित गोडसर पाव. त्यात डुकराची चरबी आहे का ते विचारून घ्या, 'मांतेका दे चांचो' हे शब्द लक्षात ठेवा. आणि आदल्या दिवशी कुस्कोच्या सान पेद्रो बाजारातून किविचाच्या वड्या घेऊन ठेवा. किविचा म्हणजे तिकडचा राजगिराच. आपल्या उपवासाच्या वडीची चव त्या डोंगरात तोंडात आली तेव्हा ह्यांचा चेहरा दोन दिवसांनी पहिल्यांदा खुलला.

पिकियाक्ताला तास-सव्वा तास पुरे. हे इंकांचं नाही, त्यांच्या कितीतरी आधीच्या 'वारी' नावाच्या लोकांचं. साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून पुढे चारेकशे वर्षं ते नांदतं होतं, म्हणजे आपल्याकडे चालुक्य आणि राष्ट्रकूट होते तेव्हा. नावाचा अर्थ 'पिसवांचं गाव', पण ते नाव पुढच्या लोकांनी ठेवलेलं. सरळ रेषेत आखलेले रस्ते, चौकोनामागून चौकोन आणि दोन्ही अंगांना उंच भिंती. तिपोनहून आल्यावर फरक लगेच डोळ्यात भरतो. इथे दगड ओबडधोबड, मातीच्या गाऱ्यात बसवलेले, कारण वरून गिलावा असायचा. पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे काही ठिकाणी अजून आहेत, गाईडला दाखवायला सांगा. सावली मुळीच नाही, पाण्याची बाटली भरून घ्या.

तिथून जवळच रुमिकोल्का. बऱ्याच सहली ते गाडीतूनच दाखवतात, तुम्ही दहा मिनिटं उतरा. वारींनी पाणी नेण्यासाठी बांधलेली भिंत, पुढे इंकांनी तिलाच घोटीव दगड चढवून आपल्या रस्त्याची वेस केली. एकाच भिंतीत आतला खडबडीत आणि बाहेरचा गुळगुळीत, दोन राजवटींचे हात दिसतात.

आंदावायलियास कुस्कोपासून चाळीसेक किलोमीटर. रविवारी प्रार्थना असते, म्हणून तो वार टाळा. चौकात शिरल्यावर लगेच आत जाऊ नका, पिसोनायच्या झाडाखाली दहा मिनिटं बसा. ही झाडं आपल्या पांगाऱ्याच्या जातकुळीतली. समोर चर्च दिसतं ते साधं: मातीच्या कच्च्या विटांचं, पांढरं, दरवाजावर लाकडी सज्जा. त्या सज्जातून पाद्री चौकात जमलेल्या लोकांना उपदेश करायचे. स्पॅनिश लोक १५३३ साली कुस्कोत शिरले. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांत हे चर्च उभं राहिलं, आणि बांधणारे हात इथल्याच माणसांचे होते. हे मनात ठेवून आत जा.

आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते फार बरं आहे. दारातून आत पाऊल टाकलं की डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही. मग छत दिसायला लागतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगवलेलं, जणू गालिचा उलटा टांगला आहे. मग मोठ्या वेदीचं सोनं. लोक याला अमेरिका खंडाचं सिस्टिन चॅपेल म्हणतात, व्हॅटिकनमधल्या त्या रंगवलेल्या छताच्या प्रार्थनागृहावरून. लोक सगळे सोन्याकडे चालू लागतात, तुम्ही तिथेच मागे वळा. प्रवेशाच्या भिंतीवर लुइस दे रियान्यो या चित्रकाराने १६२०च्या दशकात दोन वाटा काढल्या आहेत. एक रुंद, फुलांची, तिच्यावरून चालणं सुखाचं, आणि ती जाते नरकात. दुसरी अरुंद, काट्यांची, ती स्वर्गाच्या नगरीकडे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना धर्म सांगायची ही रीत. आपल्याकडे यमपुरीचे पट दाखवत फिरणारे लोक यायचे ते मला आठवले. गाईडला बोलू न देता पाच मिनिटं स्वतः बघा, कोण कुठे चाललंय ते शोधा, मग त्याला विचारा.

आणि बाप्तिस्म्याच्या खोलीचं दार. या दाराभोवती बाप्तिस्म्याचं वचन पाच भाषांत लिहिलंय: लॅटिन, स्पॅनिश, क्वेचुआ, आयमारा आणि पुकिना. पुकिना ही भाषा आता कुणी बोलत नाही. आमच्या गाईडने क्वेचुआची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. पुकिनाच्या ओळीशी येऊन तो थांबला, म्हणाला, "हे मला वाचता येतं, पण कळत नाही." आम्ही चौघंही मग त्या ओळीकडे बघत गप्प उभे राहिलो. पस्तीस वर्षं मराठी शाळेत घालवलेल्या बाईला त्या क्षणी काय वाटलं असेल ते लिहायला नको.

इथल्याच पाद्र्याने, हुआन पेरेस बोकानेग्रा यांनी, क्वेचुआतलं चार आवाजांचं एक स्तोत्र आपल्या ग्रंथात १६३१ साली छापलं. अमेरिका खंडात छापलेलं अनेक सुरांचं हे पहिलं गायन मानतात. ते आदल्या रात्री फोनवर शोधून ऐका, म्हणजे आतले दोन जुने ऑर्गन बघताना कानात काहीतरी असेल.

साडेतीनच्या आत बाहेर पडलात आणि अंगात त्राण असेल तर पुढे अगदी जवळ वारो गावचं चर्च आहे. तिथली भित्तिचित्रं १८०२ सालची, तादेओ एस्कालान्ते यांची. मरण श्रीमंताच्या दारातही उभं आहे आणि गरिबाच्याही. त्रास होत असेल तर सोडून द्या, आम्ही सोडणारच होतो, ह्यांनीच हट्ट धरला.

परतताना अंधाराच्या आत कुस्को गाठा, कारण शहराच्या तोंडाशी संध्याकाळी वाहनांची कोंडी होते. ओरोपेसाचा पाव सकाळी घेतला तर दिवसभर गाडीत वाळतो, तो परतीच्या वाटेवर घ्या. एक पाव चौघांना पुरतो.